आधी अहवाल बघा, मग अर्ज करा

मी कोळगावहून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते, त्यामुळे महिनाभर या ना त्या पाड्यावर बैठक चालूच असते. हल्ली जवळपास प्रत्येक बैठकीत एक वाक्य कानावर येतं: "ताई, बँकेने कर्ज नाकारलं. सिबिल खराब आहे म्हणाले." मी विचारते, "खराब म्हणजे नक्की काय? कुठलं कर्ज? किती थकलंय?" यावर बाई गप्प होते. तिला कुणी सांगितलेलंच नसतं, आणि तिने विचारलेलंही नसतं. आजार कुठला ते न कळताच दवाखान्यातून परत यावं, तसं ती बँकेतून परत येते.

आज आपण त्याबद्दलच बोलणार आहोत. पण आधी एक घडलेली गोष्ट सांगते. ज्या ताईंची आहे त्यांना विचारूनच सांगते आहे, नाव तेवढं सांगत नाही.

तीन हजारांनी अडवलेले ऐंशी हजार

पालघर जिल्ह्याचं मुख्यालय कोळगावात आलं. जिल्हाधिकारी कार्यालय आलं, जिल्हा परिषद आली. कामाला येणारी माणसं वाढली आणि दुपारच्या जेवणाला गिऱ्हाईक मिळू लागलं. आमच्या गटातल्या या ताई घरून डबे द्यायच्या. आधी सहा होते, मग पंधरा झाले. २०२४ च्या उन्हाळ्यात एका ठेकेदाराने त्यांना विचारलं, "माझे चाळीस कामगार आहेत. पावसाच्या आधी सुरू कराल का?"

चाळीस डब्यांना घरची शेगडी पुरत नाही. मोठी शेगडी, पातेली, वाटणासाठी ग्राइंडर, फ्रिज असा हिशेब केला तर ऐंशी हजार रुपये लागत होते. मुद्रा योजनेतून कर्ज मागायचं ठरलं. अर्ज मी स्वतः भरून दिला. कोटेशन, आधार, पॅन, गटाचं शिफारसपत्र, सगळं लावलं. आठ दिवसांनी बँकेतून निरोप आला की जुनी थकबाकी दिसते आहे, कर्ज होणार नाही.

ताई म्हणाल्या, "मी कुणाचा रुपया ठेवला नाही." आणि ते खरं होतं.

मग आम्ही त्यांचा अहवाल काढला. २०१९ मध्ये त्यांनी एका मायक्रोफायनान्स कंपनीकडून तीस हजारांचं कर्ज घेतलं होतं. महिन्याचा हप्ता होता १,५७० रुपये. पुढे लॉकडाऊन आला. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० पर्यंतचे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, ते तुम्हाला आठवत असेल. त्यामुळे त्यांचे हप्ते लांबले, पण त्यांनी सगळे भरले. शेवटचे दोन हप्ते केंद्राच्या बैठकीत रोख दिले. साहेबाने कार्डावर सही केली. नंतर तो साहेब नोकरी सोडून गेला, आणि ते दोन हप्ते कंपनीच्या खात्यात कधी चढलेच नाहीत. अहवालात ३,१४० रुपये थकबाकी होती, आणि किती दिवस थकले त्या रकान्यातला आकडा महिन्यामागून महिना वाढत गेला होता.

ताईंनी ते कार्ड टाकलं नव्हतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. त्या कार्डाच्या जोरावर आम्ही तक्रार केली. सव्वीसाव्या दिवशी नोंद दुरुस्त झाली. बँकेने दुसऱ्यांदा घेतलेला अर्ज मंजूरही केला. पण तोवर पाऊस लागला होता आणि ठेकेदाराने डबे दुसरीकडे लावले होते. कर्ज मिळालं, चाळीस डबे गेले.

मैत्रिणींनो, नोंद चुकवली ती कंपनीच्या माणसाने. पण अर्ज भरण्याआधी अहवाल बघायला हवा, हे मी ताईंना सांगितलं नव्हतं. ते माझं काम होतं. महिनाभर आधी बघितलं असतं तर तोच महिना दुरुस्तीत गेला असता आणि अर्ज पहिल्याच वेळी पास झाला असता. तेव्हापासून कर्जाचा अर्ज हातात घेण्याआधी मी पहिला प्रश्न हाच विचारते: अहवाल बघितला का?

सिबिल म्हणजे काय?

गावात किराणा दुकानदार कसा वही ठेवतो? कोण उधारी नेतं, कोण पगाराच्या दिवशी येऊन देतं, कोण दुकानापुढून मान खाली घालून जातं, हे त्याच्या वहीत असतं. त्या वहीवरून तो पुढची उधारी देतो. यालाच आपण पत म्हणतो.

आता बँका आणि कंपन्या देशभर कर्ज देतात. त्यांना आपण कोण ते माहीत नाही. म्हणून कर्जाची अशी मोठी वही ठेवणाऱ्या कंपन्या तयार झाल्या. सिबिल त्यातली पहिली. ती २००० साली सुरू झाली. सगळ्यात जुनी म्हणून तिचंच नाव तोंडात बसलं. पण अशा कंपन्या एकूण चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांच्यासाठी २००५ चा कायदा आहे आणि त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते.

एक गोष्ट मनात पक्की करा. सिबिल आपल्याला कर्ज देत नाही आणि नाकारतही नाही. बँका जे कळवतात ते तिथे लिहिलं जातं. कर्ज द्यायचं की नाही ते बँक ठरवते. आणि वही माणसंच लिहितात, त्यामुळे तिच्यात चूक होऊ शकते.

"मी तर फक्त गटाचं कर्ज घेतलंय, माझं नाव तिथे कसं असेल?" असं बऱ्याच जणी विचारतात. मायक्रोफायनान्सच्या कर्जाच्या नोंदी तिथे असतात. गटांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०१६ साली बँकांना सांगितलं की गटातल्या सभासदांची माहितीही या कंपन्यांना द्यायला लागा. म्हणजे कर्ज गटाच्या नावावर असलं तरी त्यातल्या प्रत्येकीची नोंद होऊ शकते.

याला एक इतिहास आहे. २०१० साली आंध्र प्रदेशात एकेका बाईच्या डोक्यावर चार-चार, पाच-पाच कंपन्यांची कर्जं झाली होती. एकीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज, दुसरीचा भरायला तिसरीचं. वसुलीचा त्रास इतका वाढला की तिथल्या सरकारला अध्यादेश काढावा लागला. पुढे रिझर्व्ह बँकेने मालेगाम समिती नेमली आणि मायक्रोफायनान्स कंपन्यांसाठी नियम आले. एका बाईवर आधीच किती कर्ज आहे हे कळण्यासाठी या वह्यांची गरज तिथून जास्त भासू लागली. म्हणजे ही वही आपल्याला अडवते तशी कर्जात बुडण्यापासून राखतेही. फक्त ती खरी असायला हवी.

अहवालात काय असतं?

माझं बी. ए. झालंय, तरी पहिला अहवाल हातात आला तेव्हा मी तो दोनदा वाचून बाजूला ठेवला होता. सगळं इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. पण खरं तर त्यात चारच भाग असतात. सवय झाली की दहा मिनिटांत वाचून होतो.

पहिला भाग आपल्या ओळखीचा. नाव, जन्मतारीख, पत्ता, मोबाईल, पॅन, आधार किंवा मतदार ओळखपत्र. हा भाग नीट वाचा, कारण घोळ इथून सुरू होतो. आपल्याकडे कितीतरी जणींच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे. खरी तारीख माहीत नव्हती, नोंदणी करणाऱ्याने १ जानेवारी टाकली. एकाच तालुक्यात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या, दोघींची जन्मतारीख १ जानेवारी, असं झालं की एकीचं कर्ज दुसरीच्या खात्यावर दिसायला वेळ लागत नाही. शिवाय माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. आपण कधी राहिलोच नाही असा पत्ता तिथे दिसला, तर थांबा आणि पुढचं अधिक बारकाईने वाचा.

दुसरा भाग कर्जांचा. प्रत्येक कर्जापुढे कोणी दिलं, कधी दिलं, किती दिलं, बाकी किती, थकलेले किती हे असतं. इथे प्रत्येक कर्ज ओळखीचं आहे का बघा. मुलाने बोईसरला मोबाईल हप्त्यावर घेतला आणि कागद आईचे लावले, तर ते आईचं कर्ज असतं. दिराच्या टेम्पोला तुम्ही जामीन राहिलात, तर ते कर्जही तुमच्या अहवालात दिसतं, आणि त्याने हप्ता चुकवला की डाग तुम्हालाही लागतो. जामीन राहणं म्हणजे नुसती सही नव्हे, हे अहवाल वाचताना कळतं.

याच भागात महिन्यामहिन्याचे छोटे चौकोन असतात. हप्ता किती दिवस उशिरा भरला ते तिथे लिहितात. तीन शून्य असतील तर हप्ता वेळेवर गेला. ३० किंवा ६० असे आकडे म्हणजे तेवढे दिवस उशीर. तीन फुल्या असतील तर घाबरू नका. त्या महिन्याची माहिती बँकेने कळवली नाही एवढाच त्याचा अर्थ.

मग कर्जाची स्थिती. इथे तीन शब्द ओळखायला शिका. 'क्लोज्ड' म्हणजे कर्ज पूर्ण फिटलं, खातं बंद. हे चांगलं. 'सेटल्ड' म्हणजे तडजोड झाली. दहा हजार द्यायचे होते, कंपनी म्हणाली सात द्या आणि मिटवा, आपण दिले. आपल्याला वाटतं फिटलं. पण वहीत लिहिलं जातं की पूर्ण पैसे आले नाहीत, आणि पुढची बँक ते वाचते. तिसरा शब्द 'रिटन ऑफ'. वसुली होत नाही म्हणून बँकेने आपल्या हिशेबातून ती रक्कम काढली, असा त्याचा अर्थ. ही कर्जमाफी नव्हे. आपलं देणं तसंच राहतं.

तिसरा भाग चौकशीचा. आपण कुठे कुठे कर्जाला अर्ज केला ते तिथे दिसतं. एकाच महिन्यात पाच ठिकाणी अर्ज केले, तर बँकेला वाटतं की बाईला पैशाची फार नड आहे. म्हणून चार दारं एकदम ठोठावू नका. पण आपला अहवाल आपण स्वतः बघितला तर गुण कमी होत नाहीत. ही भीती खूप जणींना असते, ती काढून टाका.

चौथा भाग गुणांचा, म्हणजे स्कोअर. तो ३०० ते ९०० च्या मधे असतो. जास्त असेल तितका चांगला. किती गुणांवर कर्ज द्यायचं ते प्रत्येक बँक आपलं आपण ठरवते. कधीच कर्ज घेतलं नसेल तर तिथे उणे एक किंवा इतिहास नाही असं येतं. ते नापास होणं नव्हे, परीक्षेला बसलोच नाही असं आहे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ जुनी नोंद नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेचंही म्हणणं आहे. कुणी तसं म्हणालं तर हे सांगा.

अहवाल कसा मागवायचा?

१ जानेवारी २०१७ पासून नियम आहे की या चारही कंपन्यांनी मागणाऱ्याला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा. जानेवारी ते डिसेंबर हे वर्ष धरायचं. चार कंपन्या म्हणजे वर्षाला चार फुकट अहवाल. मी गटांना सांगते की सगळे एकदम काढू नका. तीन-तीन महिन्यांनी एकेका कंपनीचा काढा, म्हणजे वर्षभर नजर राहते. मात्र कर्जाला अर्ज करायचा असेल तर निदान दोन बघा. मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलेलं असेल तर त्यातला एक क्रिफ हाय मार्कचा असू द्या. मायक्रोफायनान्सच्या नोंदींसाठी ती कंपनी ओळखली जाते.

कंपनीच्या संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता आणि मोबाईल नंबर भरायचा. मोबाईलवर ओटीपी येतो. काही जुने प्रश्न विचारतात, जसं अमुक कंपनीचं कर्ज तुम्ही घेतलं होतं का. त्यांची खरी उत्तरं द्यायची. पॅन नसेल तर मतदार ओळखपत्रासारख्या दुसऱ्या ओळखपत्रावर मागता येतो. तिथे पैसे भरून घ्यायच्या योजना मोठ्या अक्षरात दिसतात. त्यावर बोट ठेवू नका, फुकट अहवालाची जागा शोधा.

तीन ठिकाणी सांभाळा. एक, मोबाईल नंबर आपलाच द्या. आपल्यात खूप जणींचा नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा लावलेला असतो, आणि ते सिमकार्ड बंद होऊन दोन वर्षं झालेली असतात. कुणी आपला अहवाल बघितला की आपल्याला मेसेज यावा असा आता नियम आहे. पण नंबरच आपला नसेल तर मेसेज कुणाला जाणार? दोन, सेवा केंद्रावर जाऊन काढला तर छापील प्रत घ्या आणि त्यांच्या कॉम्प्युटरवरची फाईल आपल्यासमोर काढून टाकायला सांगा. त्यात आपली सगळी कुंडली असते. तीन, फुकट स्कोअर दाखवतो म्हणणारी मोबाईलवरची भलतीसलती ॲप घेऊ नका. आज स्कोअर दाखवतात आणि उद्यापासून कर्ज घ्या म्हणून फोन सुरू होतात.

घरातले सगळे हप्ते मोजा

मायक्रोफायनान्सच्या बाबतीत आणखी एक हिशेब आहे. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे, ज्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत आहे त्याला तारण न घेता दिलेलं कर्ज मायक्रोफायनान्समध्ये येतं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत.

हिशेब करून बघू. नवरा तारापूर एमआयडीसीत ठेक्यावर आहे, बारा हजार आणतो. तुमचे शिवणकामाचे चार हजार. एकूण सोळा. निम्मे आठ हजार. आता त्याच्या मोटारसायकलचा हप्ता तीन हजार, तुमच्या जुन्या कर्जाचा दोन हजार, मोबाईलचा पंधराशे. झाले साडेसहा. नव्या कर्जाच्या हप्त्याला उरले दीड हजार. कंपनीने यापेक्षा मोठा हप्ता बसवून कर्ज देऊ केलं, तर ते नियमात बसत नाही, आणि घरातही बसत नाही. म्हणून फक्त आपला नाही, घरधन्याचाही अहवाल काढा आणि दोघांनी बसून वाचा. कितीतरी घरांत नवऱ्याचं एखादं कर्ज बायकोला अहवाल बघूनच कळतं. त्यावर भांडण होईल, पण हप्ता थकण्याआधी झालेलं बरं.

चूक सापडली तर

पहिलं काम, कागद गोळा करा. कर्जाचं कार्ड, पावत्या, पासबुकातली नोंद, कर्ज फिटल्याचा दाखला. दुसरं, ज्या कंपनीचा अहवाल आहे तिच्याकडे तक्रार करा. संकेतस्थळावर त्यासाठी जागा असते, पैसे लागत नाहीत. तिसरं, ज्या बँकेने किंवा कंपनीने चुकीची नोंद दिली तिच्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात फार काही लिहायचं नसतं: कर्ज क्रमांक अमुक, शेवटचा हप्ता अमुक तारखेला भरला, पावती जोडली आहे, अहवालात मात्र इतकी थकबाकी दिसते, ती दुरुस्त करावी. तोंडी सांगून परत येऊ नका. "बघतो ताई" याची पोच मिळत नाही.

वही ठेवणाऱ्या कंपनीला स्वतःहून नोंद बदलता येत नाही. ती बँकेला विचारते, बँकेने हो म्हटलं की बदलते. म्हणून दोन्हीकडे अर्ज करायचा. या सगळ्याला तीस दिवसांची मुदत आहे. एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे की तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची. म्हणून तक्रारीची तारीख आणि क्रमांक वहीत लिहून ठेवा.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून या वही ठेवणाऱ्या कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. तिथेही पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. १४४४८ या नंबरवर माहिती मिळते आणि मराठीत बोलता येतं.

बँकेने कर्ज नाकारलं तर कारण लेखी मागा. कर्ज नाकारण्याचं मुख्य कारण लेखी कळवावं, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. "सिबिल खराब" एवढ्यावर उठू नका. कुठलं खातं, किती थकबाकी, ते विचारा.

आणि खरंच थकलं असेल तर?

असं होतं. आजारपण येतं, मासळीचा हंगाम वाईट जातो, कारखाना बंद पडतो. अहवालात खरी थकबाकी असेल तर ती दुरुस्त होत नाही, ती फेडावी लागते. लहानातलं लहान थकलेलं खातं आधी फेडा. तडजोडीपेक्षा पूर्ण भरता येत असेल तर पूर्ण भरा. फिटल्यावर दाखला घ्या आणि अहवालात 'क्लोज्ड' झालं का ते बघा. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान पंधरा दिवसांनी नवी माहिती कळवावी लागते, त्यामुळे महिन्याभरात फरक दिसायला हवा. स्कोअर मात्र हळूहळू चढतो. पुढचे हप्ते वेळेवर जात राहिले की जुना डाग फिका पडत जातो.

"तीन हजार द्या, सिबिल साफ करून देतो" म्हणणारा कुणी भेटेल. बाजारात भेटेल, फोनवर भेटेल. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद आपल्याला फुकटात दुरुस्त करून घेता येते. मग त्याला तीन हजार कशाचे? अशा माणसाला आधार, पॅन आणि ओटीपी तर मुळीच देऊ नका.

एकीमुळे गट अडतो का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि यावरून गटांत मनं दुखावली आहेत. एका गटाने तर एकीची थकबाकी निघाली म्हणून तिला गटातून काढायचा ठराव घातला होता. मैत्रिणींनो, तसं करायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत स्पष्ट आहे की गटातल्या काही सभासदांची किंवा त्यांच्या घरच्यांची बँकेकडे थकबाकी असली, तरी एरवी त्यामुळे गटाचं कर्ज अडू नये. अट एवढीच की गट स्वतः थकबाकीदार नसावा. आणि मिळालेल्या कर्जातून त्या थकलेल्या सभासदाला पैसे द्यायचे नाहीत. तिची जुनी बाकी फिटेपर्यंत ती थांबेल, बाकीच्या नऊजणी थांबणार नाहीत.

बँकेत कुणी "तुमच्यातल्या एकीचं सिबिल खराब, गटाचं होणार नाही" म्हणालं, तर अध्यक्ष आणि सचिवांनी ही सूचना नम्रपणे दाखवून द्यायची. आणि घरी आल्यावर त्या एकीला टोमणे न मारता तिचा अहवाल उघडून वाचायचा. निम्म्या वेळा चूक तिची नसतेच, असा माझा अनुभव आहे.

पुढच्या बैठकीत एवढं करा

आपली पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. हे काम त्या शेवटच्या सूत्रातच येतं. आपण गटाचा हिशेब दर बैठकीला वाचतो, मग स्वतःचा वर्षातून एकदा तरी वाचायला नको?

पुढच्या बैठकीत ज्यांना येत्या तीन महिन्यांत कर्ज हवं आहे त्यांची नावं लिहा. त्यांचे अहवाल आधी काढा. ज्या मुलीला मोबाईल चांगला येतो तिला मदतीला बसवा, पण ओटीपी ज्याचा त्याने भरायचा. प्रत्येकीने तीन गोष्टींवर खूण करायची: माझं नाव आणि मोबाईल बरोबर आहे का, प्रत्येक कर्ज माझंच आहे का, फिटलेलं कर्ज फिटलेलं दिसतंय का. तिन्हींचं उत्तर हो असेल तर खुशाल अर्ज करा. एकाचं जरी नाही असेल तर आधी तक्रार, मग अर्ज.

आणि घरी एक पिशवी करा. कर्जाची कार्डं, पावत्या, दाखले सगळे त्यात. कर्ज फिटलं की कार्ड चुलीत घालायचं नाही. आपल्या बाजूने बोलणारं तेवढंच असतं.

त्या ताईंचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. मोठी शेगडी आली. सध्या बावीस डबे जातात. चाळीस अजून झालेले नाहीत, पण एकही हप्ता चुकलेला नाही. परवा त्यांच्याकडे गेले होते. फळीवर एक निळी प्लॅस्टिकची फाईल होती. उघडून बघितलं तर प्रत्येक पावती तारखेवार लावलेली, आणि सगळ्यात वर ते जुनं कार्ड. मी म्हटलं, "हे आता कशाला? हे तर फिटलं." ताई म्हणाल्या, "फिटलं होतं तेव्हाही ते म्हणत होते फिटलं नाही. राहू दे."

राहू द्या, मैत्रिणींनो. तुमचंही राहू द्या.